एकटाच आलेला डबा

तुरीच्या डाळीचा डबा तळाला लागला, त्या दिवशी सिद्रामप्पांना बोरमाळ सापडली.

डाळ काढायला त्यांनी वाटी आत घातली, तर वाटीला काहीतरी अडलं. जुन्या लुगड्याच्या चिंधीची पुरचुंडी होती. सोडली, तर आत नीलम्माची बोरमाळ. सिद्रामप्पा तिथंच फरशीवर बसले. शेगडीवर ठेवलेलं आधण आटून पातेलं करपायला लागलं, तेव्हा कुठं उठले.

सोनं सापडल्याचा आनंद त्यांना कणभरही झाला नाही. त्यांना आठवल्या त्या शांतम्मा.

शांतम्मा म्हणजे नीलम्माची थोरली बहीण. राहायला डोंगरपेठला. नीलम्मा दवाखान्यात होती ते वीस दिवस जळकोटच्या घराच्या किल्ल्या शांतम्मांच्या कमरेला होत्या. त्यांनी घर बघितलं, दवाखान्यात डबे पोचवले, बहिणीचे पाय चेपले. एवढं करूनही नीलम्मा गेली. आणि दिवसकार्याच्या जेवणाला, चाळीस माणसं पंगतीला बसलेली असताना, सिद्रामप्पा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आक्का, नीलाची बोरमाळ दिसंना. किल्ल्या तुमच्याकडं होत्या म्हणून इचारलं."

चोर हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. पण पंगतीतल्या चाळीसही जणांना तो ऐकू गेला. शांतम्मा भात वाढत होत्या. त्यांनी भाताचं पातेलं होतं तिथंच ठेवलं, कमरेच्या किल्ल्या काढून सिद्रामप्पांच्या पुढ्यात ठेवल्या आणि दोनच्या एसटीनं निघून गेल्या. त्याला नऊ महिने झाले. तेव्हापासून ना फोन, ना निरोप.

सिद्रामप्पांनी पुण्याला मुलाला फोन लावला. वीरेश म्हणाला, "बाबा, मावशीला फोन करा, सॉरी म्हणा, विषय संपवा."

"फोनवर न्हाई व्हत ते."

"मग व्हिडिओ कॉल करा."

"तोंड दाखवायची लाज वाटून राहिली म्हणून तर सांगायलो तुला!"

शेवटी त्यांनी स्वतः जायचं ठरवलं. बोरमाळ शांतम्मांच्या हातात द्यायची, "बहिणीची आठवण म्हणून ठेवा" म्हणायचं आणि पाया पडायचं. हे वाक्य त्यांनी दोन दिवस दाढी करताना पाठ केलं. प्रश्न होता तो एसटीतल्या गर्दीचा. खिशात सोनं घेऊन बसायची त्यांची छाती नव्हती. मग नीलम्मानं केलं होतं तेच त्यांनी केलं. तोच डबा घासून पुसून घेतला, बुडाशी पुरचुंडी ठेवली, वरून दोन किलो नवी डाळ ओतली. स्वतःच्या कापडाच्या दुकानाची एक जाड पिशवी होती, त्यात डबा घातला. चाळीस वर्षं जळकोटच्या बाजारात दुकान चालवलेला माणूस कपाळाला विभूती लावून, धुतलेलं धोतर नेसून, डाळ घेऊन निघाला.

डोंगरपेठ हे गाव लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या शिवेवर बालाघाटाच्या एका टेकडीला चिकटून बसलेलं आहे. एसटी स्टँड पायथ्याला, मठ माथ्याला आणि सगळ्या गल्ल्या मधल्या चढावर, एकीच्या डोक्यावर एक. पूर्वी स्टँडवरून मठ गल्लीला जायला साडेतीनशे पायऱ्या होत्या. नीलम्मा प्रत्येक गल्लीला टेकायची, म्हणून सिद्रामप्पांना त्या पायऱ्या चांगल्या माहीत होत्या. पण आता तिथं नगरपालिकेनं सरकता जिना बसवला होता. उघड्यावर, वर पत्र्याचं छप्पर, चार टप्प्यांचा. माणसं कामाला जायच्या वेळी, म्हणजे सकाळी दहापर्यंत, तो खाली येई. दहानंतर दिवसभर वर जाई.

सिद्रामप्पा अकराला पोचले. जिन्याच्या तोंडाशी गर्दी होती. जमिनीतून एकेक पायरी निघत होती आणि माणसं घाईघाईनं ती पकडत होती. सिद्रामप्पांनी हे बघितलं आणि त्यांना वाटलं, यात नवं काय आहे. उभा जन्म त्यांनी एसटीत काढला होता. गाडी लागली की खिडकीतून आत टॉवेल टाकायचा. टॉवेल पडला की जागा आपली. मग सावकाश चढायचं. त्या हिशेबानं त्यांनी एक रिकामी पायरी हेरली, पुढं होऊन पिशवी तिच्यावर ठेवली, जागा धरली आणि धोतराचा सोगा खोचायला मागं वळले.

सोगा खोचून परत वळले, तर त्यांनी धरलेली जागा त्यांना सोडून वर चालली होती.

"ओ! ओ! माझी पिशवी!"

शेजारी मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन एक म्हातारी उभी होती. केवळाबाई तिचं नाव. रोज खालून भाजी नेऊन वर विकायची. ती म्हणाली, "काय वो बाबा, पिशवीला पुढं धाडलं आन् तुम्ही हितंच?"

"थांबवा की कुणीतरी तिला!"

"मी काय ड्रायव्हर हाय का? चढा मागून."

सिद्रामप्पांनी पाय उचलला. पायरी गेली. पुन्हा उचलला. पुढची पायरी गेली. एकामागून एक सात पायऱ्या त्यांच्या नाकासमोरून निघून गेल्या. मागून आवाज सुरू झाले.

"चढा की काका!"

"मुहूर्त बघून राहिले का?"

केवळाबाईनं पाटी डोक्यावर सावरली आणि दुसऱ्या हातानं त्यांचं कोपर धरलं. "डावा टाका. डावा! आवो, तुमचा डावा!" असं म्हणून तिनं त्यांना असं काही ओढलं, की सिद्रामप्पा जिन्यावर चढले खरे, पण उलटे. तोंड स्टँडकडं, पाठ पिशवीकडं. धोतर जिन्यात अडकेल या भीतीनं त्यांनी ते दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत वर धरलं होतं. या अवस्थेत सगळं एसटी स्टँड त्यांच्याकडं बघत होतं आणि ते सगळ्या एसटी स्टँडकडं.

"काय होतं पिशवीत?" केवळाबाईनं विचारलं.

सोनं आहे म्हणून चढत्या जिन्यावर ओरडायची सोय नव्हती. सिद्रामप्पा म्हणाले, "डाळ."

"किती?"

"दोन किलो."

केवळाबाईनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. कपाळाला घाम, ओठ थरथरताहेत, पोटऱ्या उघड्या. "दोन किलो डाळीसाठी एवढा जीव खालीवर?" ती म्हणाली आणि मग आवाज उतरवून, "घरी खाणारी तोंडं लई हायत का?"

"न्हाई. एकटाच हाय."

हे उत्तर तिला आणखीच वाईट वाटलं. पाटीतली एक जुडी काढून तिनं त्यांच्या काखेत खोचली. सिद्रामप्पांचे दोन्ही हात धोतरात गुंतलेले असल्यामुळं त्यांना नको म्हणता आलं नाही.

पहिला टप्पा बागवान गल्लीत संपला. जिन्याच्या तोंडाशीच केळ्यांचा गाडा होता. सिद्रामप्पांनी गाडेवाल्याला विचारलं, "एक पिशवी आली का हो वर? कापडी?"

"आई ना चाचा! अकेलीच आई." खाजाभाई म्हणाला. "मी समजलो, मालक पुढं गेला आन् विसरला. खाली वापस कशी पाठवणार? दहा के बाद ये जिना नीचे जाताच नहीं. मंग मी दुसऱ्या जिन्यावर ठेवून दिली. म्हनलं, मालकाला गाठंल."

"मालक मी हाय! मी मागं होतो!"

"पिशवी पुढं आन् मालक मागं, ये तो पहली बार देख रहा हूँ," खाजाभाई म्हणाला. "काय होतं?"

"डाळ," सिद्रामप्पांच्या आधी केवळाबाईच म्हणाली. "एकटा जीव हाय. दोन किलो डाळ होती, ती बी गेली."

खाजाभाईचा चेहरा उतरला. त्यानं सहा केळी तोडून पुढं केली. "अर्धापूर का माल है चाचा. खाऊन जा. नक्को घबराव, ऊपर गई ना, ऊपरच मिलती."

"आवो, माझं दुकान हाय जळकोटला," सिद्रामप्पा म्हणाले. "कापडाचं."

"हाव हाव," खाजाभाई समजुतीनं म्हणाला, "होतं सगळ्यांचंच कधी ना कधी." आणि केळी त्यांच्या हातात कोंबली.

दुसऱ्या टप्प्यावर सिद्रामप्पा सरळ तोंडानं चढले. हातात केळी, काखेत मेथी. जिना कोष्टी गल्लीच्या घरांना घासून जात होता. उघड्या खिडकीतून लोकांच्या घरातलं सगळं दिसत होतं. एका घरात नवरा जेवत होता आणि बायको त्याला बोलत होती. एका घरात भिंतीवर बाईचा फोटो होता, त्याला हार होता. सिद्रामप्पांनी तिकडं बघायचं टाळलं. दुसऱ्यांच्या घरात डोकावताना ओशाळल्यासारखं होत होतं, आणि जिना हळू होता.

वर गेल्यावर काचेची एक केबिन होती. तिच्यात नगरपालिकेचं ओळखपत्र गळ्यात घातलेली एक मुलगी बसली होती. जिना चालू-बंद करायचं काम तिचं. नाव लुंबिनी.

"ताई, एक पिशवी—"

"मिळाली, मिळाली," लुंबिनी हसून म्हणाली. "भागवत गुरुजींनी उचलली. आम्ही उघडून बघितली काका, रागावू नका. बेवारस वस्तू बघावी लागते. आत स्टीलचा डबा होता. डब्यावर नाव होतं, म्हणून लगेच काम झालं."

"कुणाचं नाव?"

"मशीननं कोरलेलं नसतं का भांड्यावर? 'चि. सौ. कां. नीलम्मा हिस, सौ. शांतम्मा गुरुपादप्पा, मठ गल्ली, डोंगरपेठ यांजकडून सप्रेम भेट.' गुरुजी मठ गल्लीतलेच. म्हणाले, शांतम्माचाच डबा, मी देतो नेऊन."

सिद्रामप्पांनी केबिनची कड धरली. लग्नात आलेला डबा. पस्तीस वर्षं डोळ्यांसमोर होता. त्याच्यावरचं नाव वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"थांबवा त्यांना!" ते ओरडले. "ताई, हात जोडतो, थांबवा गुरुजींना! त्यो डबा तिथं जायला नको!"

"पण काका, नाव तर त्यांचंच—"

"डबा त्यांचा हाय, पण डाळ माझी हाय!"

लुंबिनीनं त्यांच्याकडं क्षणभर बघितलं. असल्या केविलवाण्या माणसाला मदत करण्यासाठीच नगरपालिकेनं तिला माईक दिला होता. तिनं तो उचलला. सिद्रामप्पा नको नको म्हणेपर्यंत चारही टप्प्यांच्या खांबांवरचे कर्णे एकदम बोलायला लागले.

"भागवत गुरुजी, भागवत गुरुजी, जिथं असाल तिथं थांबावं. तुमच्याकडील डब्यातली डाळ शांतम्मा गुरुपादप्पा यांची नसून एका वृद्ध गृहस्थांची आहे. काका, नाव काय? गाव? डाळ जळकोटचे सिद्रामप्पा यांची आहे. ते डाळीसाठी फार कासावीस झालेले आहेत. धन्यवाद."

सगळी टेकडी ऐकत होती. सिद्रामप्पांना वाटलं, जिना इथंच फाटावा आणि आपल्याला आत घ्यावं. चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला कधी वितभर कापड कमी दिलं नव्हतं. कुणाचं एक कपबशी चहाचं मिंधेपण घेतलं नव्हतं. आणि आता लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर त्यांच्या नावानं डाळ मागितली जात होती.

केवळाबाई त्या गल्लीत भाजी विकायला उतरली. जाताना डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मिळंल हो बाबा."

तिसऱ्या टप्प्यावर कर्णा नुकताच वाजून गेला होता. जिना जात होता टीचर कॉलनीच्या अंगणांवरून. एका अंगणातून एक बाई लगबगीनं आल्या आणि कठड्यावरून हात लांब करून त्यांनी एक पुडा सिद्रामप्पांच्या केळ्यांवर ठेवला.

"हे काय, ताई?"

"डाळ आहे. अर्धा किलो. लाजू नका."

"ताई, माझ्याकडं डाळ—"

पण जिना त्यांना घेऊन पुढं गेला होता. उतरायची सोय नव्हती आणि पुडा परत फेकणं बरं दिसलं नसतं. मागं वळून त्यांनी नुसती मान हलवली. बाईंनाही गहिवरून आलं.

तिसऱ्या टप्प्याच्या वरच्या टोकाला एक उंच, सडसडीत, टोपी घातलेले गृहस्थ उभे होते. सिद्रामप्पांना बघताच पुढं झाले. "जळकोटचे आपणच ना? मी भागवत. कर्णा ऐकला तेव्हा मी तिकडून परतच निघालो होतो. उशीर झाला हो. डबा देऊन आलो."

"कुणाला?"

"शांतम्मांच्या हातातच दिला. त्यांनी विचारलं, कुणी आणला? मी म्हटलं, कुणी नाही, एकटाच आला."

"मग?"

"मग काही नाही. बराच वेळ डब्याकडं बघत उभ्या राहिल्या. हात जोडून मला 'शरणार्थी' म्हणाल्या आणि आत गेल्या. तुमची डाळ मी सांगून परत आणू का?"

"नको, नको!" सिद्रामप्पा म्हणाले आणि जवळच्या कट्ट्यावर बसले.

चौथा जिना समोर वर चालला होता. बाजूनं जुन्या पायऱ्या खाली जात होत्या. सिद्रामप्पांनी खालच्या पायऱ्यांकडं बघितलं. दोन वाजताच्या एसटीनं जळकोट गाठता आलं असतं. पण मग शांतम्मा डबा रिकामा करणार. डाळीतून बोरमाळ निघणार. ना माणूस, ना चिठ्ठी, ना माफीचा शब्द. त्यांना काय वाटेल? एकदा चोर म्हणून मन भरलं नाही, आता सोनं घरात टाकून बघतोय, परत करते का दाबते, असंच वाटेल. मग उद्या मेल्यावर नीलम्माला कोणतं तोंड दाखवायचं?

ते उठले. केळी, मेथी आणि लोकांची डाळ सांभाळत चौथ्या जिन्यावर चढले.

मठ गल्लीत दारादारात बायका उभ्या होत्या. कर्ण्याचा प्रताप. सिद्रामप्पा जसे पुढं जात तशा त्या आपसात कुजबुजत. "हाच का?" असं एकदा त्यांनी स्पष्ट ऐकलं. डाळीचा म्हातारा म्हणून बघत असतील, असं समजून त्यांनी मान आणखी खाली घातली.

शांतम्मांचं दार उघडं होतं. आत कुकरची शिट्टी होत होती. आणि अंगणातल्या दगडावर, घासून, पालथा घालून, डबा वाळत ठेवला होता.

तो डबा बघितला आणि सिद्रामप्पांचं पाठ केलेलं वाक्य गेलं. कारण वाक्याच्या सुरुवातीलाच बोरमाळ हातात द्यायची होती.

"या," शांतम्मा आतून म्हणाल्या. "पाय धुवा."

सिद्रामप्पांनी पाय धुतले, आत आले, हातातलं सगळं खाली ठेवलं.

"हे काय?"

"केळी."

"आन् हे?"

"मेथी. आन् डाळ."

"डाळ तर आधीच आली की."

सिद्रामप्पा बसले. शांतम्मा समोर बसल्या. नऊ महिन्यांत त्या वाळल्या होत्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बोरमाळ सापडलेल्या माणसाच्याही चेहऱ्यावर काही नसतं आणि न सापडलेल्याच्याही.

सिद्रामप्पांच्या डोक्यात एकच विचार फिरत होता. बोरमाळ सापडली म्हणून सांगावं, तर कुठं आहे ते सांगावं लागणार. या डब्यात होती म्हणावं, तर डबा रिकामा आहे. म्हणजे नऊ महिन्यांनी, माफी मागायला येऊन, त्यांनी पुन्हा तेच विचारायचं: आक्का, बोरमाळ दिसंना.

"आक्का, मी चुकलो," ते म्हणाले.

"कशात?"

"त्या दिवशी बोललो त्यात."

"लई बोललात त्या दिवशी. कंचं म्हनता?"

"बोरमाळीचं."

"मंग?"

"सापडली ती."

"कुठं?"

"घरातच."

"बरं झालं. आता कुठं हाय?"

कुकरची शिट्टी झाली. ती विरेपर्यंत सिद्रामप्पा खाली ठेवलेली केळी सरळ करत राहिले. मग म्हणाले, "घरीच हाय. जळकोटला. कपाटात ठेवून आलो."

हे तोंडातून गेलं आणि त्यांना कळलं, की बोरमाळ गेली. आता ती जन्मात मागता येणार नव्हती. नीलम्माच्या गळ्यात अठ्ठावीस वर्षं होती. पण त्यांना हलकं वाटलं.

शांतम्मा त्यांच्याकडं बघत होत्या. "कपाटात?"

"हाव."

"गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगा."

सिद्रामप्पांचा हात छातीपर्यंत गेला आणि सदऱ्यावरच थांबला. आत गळ्यात लिंग होतं. खोटं बोलून त्याला हात लावता येत नव्हता, आणि खरं बोलायची त्यांची तयारी नव्हती. हात तसाच राहिला. डोळ्यांत पाणी आलं.

"आक्का," ते म्हणाले, "मला पुन्हा इचारायला लावू नका."

शांतम्मांनी मान फिरवली. मग कमरेची पिशवी सोडली, पुरचुंडी काढली आणि दोघांच्या मधे फरशीवर ठेवली. "डबा आला तवाच समजलं मला, मानूस मागून येऊन राहिला. डाळ लावली. म्हनलं, बघू काय इचारतो. न्हाई इचारलं तुम्ही."

सिद्रामप्पा पुढं वाकले, पाया पडायला. शांतम्मा झटकन मागं सरकल्या. "पडू नका! माझ्या पाया पडू नका. मला ठावं होतं."

"काय?"

"बोरमाळ कुठं हाय ते. दवाखान्यात नीलानं सांगितलं होतं. 'आक्का, डाळीच्या डब्यात हाय, ह्यास्नी सांग.' पंगतीत तुम्ही बोललात, तवा तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. गिळलं. म्हनलं, आता न्हाई सांगत. खाऊ दे डाळ. डबा सरला की आपसूक कळंल, मंग यील धावत. डबा मीच भरून ठिवला होता की, पाच किलो. एकट्या माणसाला चार महिने."

सिद्रामप्पा तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

"चार महिने झाले, तवापासून एसटीच्या टायमाला जिन्याकडं बघत बसायची मी. पाचवा गेला. सहावा गेला. मंग वाटलं, सापडली आसंल, आन् बसला मुकाट. लई राग आला. मंग मी..." शांतम्मा थांबल्या.

"मंग काय?"

"मंग मी गल्लीत सांगितलं. जळकोटचा जावई बहिणीची बोरमाळ दाबून बसला आन् आळ माझ्यावर घेतला म्हनून."

"सगळ्या गल्लीत?"

"खालच्या गल्लीत बी सांगितलंय थोडं."

थोडा वेळ दोघंही फरशीकडं बघत राहिले. बघण्यासारखं कुणाकडंच दुसरं काही नव्हतं.

"डबा सरला कवा?" शांतम्मांनी विचारलं.

"गेल्या सोमवारी."

"सोमवारी? पाच किलो डाळीला नऊ महिने?" त्यांचा आवाज चढला आणि मधेच पडला. त्यांनी सिद्रामप्पांचं मनगट बघितलं, सदऱ्यात हलणारी मान बघितली. "जेवत न्हवता का काय?"

"एकट्यासाठी कुकर लावायचं मनावर येत न्हाई, आक्का."

शांतम्मा उठल्या. कुकर उतरवला, फोडणी दिली, भाकरी थापल्या. मग ताट केलं आणि ते आत न मांडता उचलून उंबऱ्यापाशी, सगळ्या गल्लीला दिसेल असं मांडलं.

"हितं बसा."

"हितं? सगळ्या बायका बघायल्यात."

"बघू दे. मी सांगितलंय, मीच निस्तरते. मी जेवायला वाढलं म्हंजी समजतंय त्यास्नी. आता पोरासारखं लाजू नका."

सिद्रामप्पा बसले. समोरच्या दारात चार बायका उभ्या होत्या. मान खाली घालून त्यांनी भाकरी मोडली, डाळीत बुडवली, खाल्ली. दुसरा घास खाल्ला. तिसरा.

"कशी झाली?"

"चांगली झालीय."

शांतम्मांनी आपलं ताट घेऊन शेजारी बसत घास घेतला आणि हात थांबवला. "आवो, मीठच न्हाई की हिच्यात! मगापासून काय खायलात? सांगायचं न्हाई व्हय?"

सिद्रामप्पा घास गिळून म्हणाले, "तुमच्या घरात काय दिसत न्हाई, ते मी पुन्हा इचारणार न्हाई, आक्का."

शांतम्मा इतक्या मोठ्यानं हसल्या, की समोरच्या चारही बायका काय झालं म्हणून रस्ता ओलांडून आल्या. डाळ पुष्कळ होती. मग त्यांनाही वाढावं लागलं.